इंझोरीच्या काकाकुव्याचा परवाना

हुकूम काढणारे हो, इंझोरीच्या नेमीचंद शेठले तुमीच कोंडलं! नजर चोरू नका. कागद तुमचा, सही तुमची, अन् शिक्का तर असा ठोकलेला की मागच्या बाजूनंही वाचता येतो!

पर्युषण आलं की नेमीचंद शेठ दरसाल बाजारातून पोपट, तितर विकत घेऊन सोडून देत. यंदा वाशीमच्या बाजारात त्यांना मोडलेल्या सर्कशीचा काकाकुवा दिसला. पांढराफेक, डोक्यावर पिवळा तुरा, ऐट अशी की जणू निवडणुकीला उभा आहे!

"याले मीच सोडवतो! असं पुण्य साऱ्या तालुक्यात कोणाचं नाही!" शेठ बाजारभर सांगत सुटले.

घरी त्यांच्या मंडळी जतनबाई एक पाऊल पुढं! त्यांनी देवापुढं नेम धरला: पाखरू मोकळं होईस्तोवर अन्न वर्ज्य.

शेठनी अंगणात पिंजरा उघडला. काकाकुवा लिंबावर जाऊन बसला, त्यानं गावावर एक नजर टाकली, अन् भर्रकन येऊन शेठच्या डोक्यावर उतरला. हाकलला, तर दुकानातल्या शेंगदाण्याच्या पोत्यावर. तिथून हाकलला, तर पुन्हा डोक्यावर!

"अवो, झाला ना मोकळा? जेवून घ्या आता."

"मोकळा कायचा? तुमच्या टोपीवर ठाण मांडून राह्यला!"

तेवढ्यात कोणीतरी वर चुगली केली, अन् तुमचा पहिला कागद आला: परदेशी पक्षी पाळू द्यावा की नाही, ग्रामपंचायतीनं ठरवून कळवावं. बस! गावात दोन तट पडले.

"देऊन टाका परवानगी. गावाची शोभा हाय," सरपंच इंद्रभान म्हणाले.

विरोधातले रामराव टेबलावर थाप मारून उठले. "आज काकाकुवा, उद्या शेठ वाघ आणतीन!"

"मी पाळलाच नाही हो, मी सोडला!" नेमीचंद रडकुंडीला आले.

"सोडला, तर डोक्यावर काय करून राह्यला?"

"मले काय विचारता? त्यालेच विचारा!"

काकाकुव्यानं उत्तर दिलं. उडून रामरावांच्या टोपीचं टोक कातरलं! इंद्रभानची माणसं खुशीनं ओरडली, "पाखरू हुशार हाय! ठेवाच!" ठराव मंजूर.

मग तुमचा दुसरा कागद आला: पाळण्यास परवानगी, मात्र पक्षी व मालक यांच्यामध्ये कुलूपबंद जाळी असावी. तपासणी होईल.

जतनबाई आता भिंतीला धरून चालत होत्या. "पिंजऱ्यात घातला, तर माह्या तोंडात घास नाही जायचा."

"न घातला तर सायब मले नेतीन!"

शेठनी कागद उलटा वाचला, सुलटा वाचला, अन् एकदम मांडी थोपटली. "जाळी मधात पाह्यजे! कोणी कोणत्या बाजूनं राहावं, हे लिहिलंच नाही!"

माकडं गूळ नेतात म्हणून त्यांच्या कोठारात लोखंडी जाळी होतीच. शेठ आत शिरले, जतनबाईंनी बाहेरून कुलूप घातलं.

तपासणीवाले आले. जाळीभोवती फिरून फिरून घेरी यायची वेळ आली.

"पक्षी?"

"लिंबावर."

"मालक?"

"आतमंदी," शेठ आतून म्हणाले.

"मंग जाळी?"

"मधात!"

साहेबांनी हुकूम पुन्हा वाचला, घाम पुसला, अन् सही केली. जतनबाईंनी लिंबाकडं पाहून हात जोडले. "आता खरा मोकळा!" अन् मुगाच्या पाण्यानं पारणं सोडलं.

पेला घ्यायला त्यांनी किल्ली शेंगदाण्याच्या पोत्यावर ठेवली होती. काकाकुव्यानं ती उचलली अन् थेट लिंबाच्या शेंड्यावर!

"फोडा कुलूप!" शेठ ओरडले.

"खबरदार!" साहेब म्हणाले. "हुकूम मोडतो!"

तेव्हापासून शेठ गुळाच्या भेलीवर बसून आहेत. इंद्रभान म्हणतात, सुटकेचा ठराव घेऊ; रामराव म्हणतात, विरोध करू. तर सायब, यातला पाळलेला कोण, अन् त्याले सोडायची परवानगी कोणाकडं मागायची? उत्तर द्या! अन् दिवस मावळायच्या आत द्या. जाळीतून ताट जात नाही, अन् अंधार पडल्यावर शेठ जेवत नाहीत!