कूलरमागचं वायफाय

“तांत्रिक अडचण आली की मी घाबरत नाही, शांतपणे मुळाशी जाते,” असं माधवीनं नोकरीच्या अर्जात ठोकून दिलं होतं. खरं तर आख्ख्या अकोल्यात तिच्याइतकी घाबरट बाई सापडली नसती! दहा महिन्यांची ओवी झोपली, की श्वास चालू आहे ना हे बघायला ती तासात चारदा उठायची. पण नोकरी घरबसल्या होती! अमरावतीच्या एका कंपनीचा मदत कक्ष. लोकांचं इंटरनेट बिघडलं, की फोनवर उपाय सांगायचा. ओवीला सोडून कुठं जाणं नाही. अशी नोकरी पुन्हा कुठली मिळायला?

मुलाखत अकराला. दहाला तिनं कॉलेजच्या काळातला लॅपटॉप उघडला. वायफाय गायब!

मोबाइल होता, पण तो ओवीच्या मुठीत. काढून घेतला असता, तर तिच्या भोकाडानं अर्धी गल्ली दारात आली असती. माधवीनं कूलरच्या मागं हात घालून खिडकीतला राउटर बंद-चालू केला. पासवर्ड तीनदा टाकला. लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण सरकवलं. सिग्नलची एक दांडी उगवली, नव्या नवरीसारखी लाजली आणि आत गेली.

“सूनबाई, यंत्र तापलं ना ते!” सासरे भगवंतरावांनी निकाल दिला. “मे महिन्यात आपलं डोस्कं चालत नाही, त्याचं कसं चालन? कूलरपुढे ठेव त्याले!”

ठेवला. काही नाही.

“हवा गरम येऊन राहिली. पाणी कमी असन!” म्हणत त्यांनी चार बादल्या ओतून टाकी काठोकाठ भरली.

“बाबा, त्यानं काय होणार?”

“पाह्यत राह्य!”

माधवीला रडू फुटायचंच बाकी होतं. “धापा नको टाकू माय,” सासूबाई सुभद्राबाई म्हणाल्या, “लेकरू तुलेच भिऊन राहिलं!”

आणि पंधरा दिवस “आज येतो” म्हणणारे नत्थुजी कूलरवाले नेमके पावणेअकराला कूलरच्या जाळीतला वाळा बदलायला उगवले! त्यांनी चाकांवरचा कूलर ओढून खोलीच्या मधोमध आणला. लॅपटॉपवर दांड्याच दांड्या!

“बटणच सैल होतं!” माधवीनं जाहीर केलं.

“मी पाणी टाकलं म्हणून!” भगवंतराव म्हणाले.

अकराला पडद्यावर साधना मॅडम अवतरल्या. “सांगा, एखाद्याचं वायफाय गेलं, तर काय कराल?”

“आधी मी शांतपणे...” माधवी ऐटीत सुरू झाली.

तेवढ्यात वाळा बसला. नत्थुजींनी कूलर खिडकीशी ढकलला. मॅडम तोंड उघडं ठेवून पुतळा झाल्या!

माधवीनं कूलरकडे पाहिलं. पाण्यानं भरलेला हा पत्र्याचा हत्ती. त्याच्या पाठीमागं बिचारा राउटर!

“नत्थुजी, ओढा तो कूलर! ओढा!”

“आत्ताच तं लावला, ताई!”

“ओढता, का ही बादली ओतू तुमच्या डोक्यावर?”

हे तोंडातून निघेपर्यंत कूलर हलला होता; शेवटचं वाक्य मॅडमना स्वच्छ ऐकू गेलं.

पुढची वीस मिनिटं नत्थुजी खोलीच्या मधोमध बंद कूलरला कवटाळून घाम गाळत उभे होते आणि माधवी सांगत होती, की पत्रा आणि पाणी आड आलं तर जुन्या लॅपटॉपपर्यंत काही पोचत नाही. मॅडम हसून हसून खोकल्या. “शांतपणे नाही, पण मुळाशी गेलात खऱ्या! एक तारखेपासून कामाला लागा.”

एक तारखेला पहिलाच फोन धारणीहून.

“मॅडम, वायफाय येऊन नाही राहिलं.”

माधवीनं पदर खोचला. बटण नाही, पासवर्ड नाही, थेट मूळच! “काका, तुमचा कूलर कुठं आहे?”

“खिडकीत.”

“बघा! तो बाजूला ओढा!”

बराच वेळ घरघर, धडपड, कुणाची तरी शिवी ऐकू आली.

“ओढला. आता?”

“आता राउटरचा दिवा बघा. हिरवा आहे?”

“दिवा कसा लागन, मॅडम? सकाळपासून लाईट नाही ना इकडे!”