‘बऱ्यापैकी’चा तक्ता

कोणतीही गोष्ट करण्यापेक्षा तिचं नियोजन करणं श्रेष्ठ, कारण करण्यात चुका होतात आणि नियोजनात फक्त दुरुस्त्या होतात. आमच्या आयोवातल्या विद्यापीठात परदेशातून एका सत्रासाठी येणारा विद्यार्थी सोळा आठवडे राहतो. त्या सोळा आठवड्यांचं नियोजन चौदा महिने चालतं. (मूल जन्माला यायला नऊच पुरतात, पण तिथे अर्ज कमी असतात.) मी या कार्यालयात अठरा वर्षं आहे, आणि आजवर एकही विद्यार्थी आमच्या हातून नियोजनाशिवाय सुटलेला नाही.

निकाल बोलके आहेत. एका वर्षी आलेल्या एकशे बारा विद्यार्थ्यांपैकी एकशे अकरा जणांनी हा अनुभव ‘आयुष्य बदलून टाकणारा’ असल्याचं लेखी कळवलं. एकशे बारावा तेव्हा कांजिण्यांनी आजारी होता. बरा झाल्यावर त्यानेही कळवलं.

पुढच्या वर्षी डेन्मार्कमधल्या ऑरहूसहून ट्रिने होल्मगोर या मुलीचा अर्ज आला. ती भूजलशास्त्र शिकत होती. ‘येण्याचा हेतू’ या रकान्यात सहाशे शब्द अपेक्षित असतात आणि मुलं सहसा जागतिक शांततेपासून सुरुवात करतात. ट्रिनेने एकच वाक्य लिहिलं होतं: ‘फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला तुमचा बँड मैदानात चालत वाजवतो, त्यात मला ट्रोम्बोन वाजवायचा आहे.’ हेतू इतका स्पष्ट असला की कार्यालयाला संशय येतो.

त्याखाली प्रश्न होता: आपण हे वाद्य किती चांगलं वाजवता? पर्याय चार: असामान्य, विलक्षण, अत्युत्कृष्ट आणि उत्कृष्ट. (‘उत्कृष्ट’ हा पर्याय ज्यांनी ते वाद्य अजून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.) चौदा वर्षं ट्रोम्बोन वाजवणाऱ्या ट्रिनेने पट्टी घेऊन पाचवा चौकोन आखला, त्यात खूण केली आणि शेजारी लिहिलं: बऱ्यापैकी.

माझ्या सहकारी मार्लिसबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना स्वतःबद्दल ‘बऱ्यापैकी’ लिहिणारं कुणी भेटलं नव्हतं. नियमाप्रमाणे प्रकरण मानसिक स्वास्थ्य विभागाकडे गेलं. तिथल्या समुपदेशकाने ऑरहूसला फोन लावून विचारलं, ‘कशी आहेस?’ ट्रिने म्हणाली, ‘ठीक.’ त्या एका शब्दावर तिच्या फाइलला लाल पट्टी लागली.

दरम्यान तिच्या विद्यापीठाला प्रत्येक विषयाची आगाऊ तपासणी करायची होती. आम्ही बँडचा अभ्यासक्रम पाठवला: ‘वाजवत चालणे, एक क्रेडिट.’ उत्तर आलं की वाजवण्याला हरकत नाही, परंतु चालणे हा विषय डेन्मार्कमध्ये वयाच्या दुसऱ्या वर्षापूर्वीच पूर्ण होतो, सबब अर्ध्या क्रेडिटचा फेरविचार व्हावा. आमच्याकडे उलटं चालणेही आहे, असं आम्ही कळवलं. मंजुरी आली.

हे एक क्रेडिट फार मोलाचं होतं. व्हिसाला बारा लागतात आणि तिचे पाण्याचे सगळे विषय मिळून अकरा भरत होते. बारावं एक तर बँडचं, नाही तर बोलिंगचं. बोलिंगचा वर्ग नोंदणी सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला भरतो आणि परदेशी पाहुण्यांची नोंदणी चौथ्या दिवशी सुरू होते. (पाहुण्यांना घाई करायला लावू नये, असा त्यामागचा विचार आहे.) म्हणजे बँड हुकला की ट्रिनेची रवानगी परत ऑरहूसला. आम्ही ‘अ’पासून ‘ऊ’पर्यंत सहा पर्यायी आराखडे तयार ठेवले होते. सहाही आराखड्यांत बँडच होता, कागदाचा रंग तेवढा वेगळा होता.

ऑगस्टमध्ये ट्रिने आली. बँडमास्तर डेल प्रुइट यांनी तिला विचारलं, ‘काय पोरी, कसं वाजवतेस?’

‘वाईट नाही, सर.’

प्रुइटसाहेब हळवे झाले. माणूस मनाचा चांगला. त्यांनी तिचा खांदा थोपटला, तिला पाण्याच्या बाटल्या भरायचं काम दिलं आणि ट्रोम्बोनची शिल्लक जागा टकर नावाच्या मुलाला दिली, कारण तो ‘सर, मी जबरदस्त आहे’ म्हणाला होता. दोघांना वाजवायला लावून का पाहिलं नाही, असं कुणी विचारेल. वाजवायला लावणं म्हणजे विद्यार्थ्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं, असं धोरणातच आहे. टकर सरावाला बसला की शेजारच्या पशुविज्ञान विभागातल्या गाई त्याला उत्तर देत.

बाटल्यांना क्रेडिट नसतं. नोंदणीची मुदत शुक्रवारी पाचला संपत होती. गुरुवारी ट्रिने आमच्यासमोर येऊन बसली.

‘अगं, नवा अर्ज भर,’ मार्लिसबाई म्हणाल्या. ‘असामान्यवर खूण कर आणि मोकळी हो.’

‘पण मी असामान्य नाहीये.’

‘बरं, मग विलक्षण?’

‘तेही खोटंच की.’

‘खोटं कसलं आलंय त्यात? इथे सगळेच विलक्षण असतात. माझ्या तिन्ही नाती विलक्षण आहेत. धाकटीला तर अजून दातही आलेले नाहीत.’

‘मार्लिसबाई, आमच्याकडे स्वतःबद्दल कुणी असं बोललं ना, तर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.’ ट्रिनेने कोरा अर्ज परत सरकवला. ‘खोटं बोलून मैदानात नाही जायचं मला. पण जायचंय हो. फार जायचंय.’

मला भडभडून आलं. इतक्या वर्षांत मी एवढं शिकलोय की डॅनिश माणूस ‘फार’ म्हणतो तेव्हा त्याच्या घराला आग लागलेली असते.

त्या रात्री मला मार्ग सुचला. परदेशी गुणांचं आमच्या गुणांत रूपांतर करायला कार्यालयात समकक्षता तक्ता असतो. गुणांचं होतं, तर शब्दांचं का होऊ नये? शुक्रवारी सकाळी समिती बसली (मी, मार्लिसबाई आणि गणपूर्तीसाठी समुपदेशक) आणि साडेअकराला तक्ता मंजूर झाला. ‘ठीक’ म्हणजे अत्यंत आनंदी. ‘वाईट नाही’ म्हणजे विलक्षण. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे असामान्य, जागतिक दर्जाचं, शक्यतो एकटीला वाजवू द्यावं. प्रुइटसाहेबांनी तक्ता वाचला, टकरला झांजा दिल्या आणि चार वाजून बावन्न मिनिटांनी नोंद झाली. फाइलची लाल पट्टी काढून सोनेरी लावण्यात आली.

पहिल्याच सामन्याच्या मध्यंतराला बावीस हजार लोकांसमोर ट्रिने एकटी पुढे आली. पन्नास यार्ड सरळ, पन्नास यार्ड उलटी चालली आणि सगळा वेळ वाजवत राहिली. लोक हातातले हॉटडॉग खायचे विसरले. टकर झांज वाजवायचं विसरला, त्यामुळे तिचं वाजवणं आणखी खुललं. गाई गप्प होत्या. मार्लिसबाई उघड रडल्या. माझ्याकडे फाइल होती, ती मी तोंडासमोर धरली.

‘काय पोरी, कसं वाटलं?’ प्रुइटसाहेबांनी विचारलं.

ट्रिनेला धाप लागली होती, चेहरा लालबुंद झाला होता आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. ‘बरं वाटलं, सर.’

प्रुइटसाहेबांनी खिशातून तक्ता काढून त्यावरून बोट फिरवलं. ‘बरं’ त्यात नव्हतंच. त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तक्ता परत खिशात ठेवला.

इथे थांबलो असतो तर शहाणपणाचं झालं असतं. पण दोन विद्यापीठांमधल्या करारानुसार कोणताही तक्ता दोन्ही बाजूंनी लागू होतो. ट्रिनेच्या विद्यापीठाने तक्त्याच्या मागच्या बाजूचा रकाना स्वतः भरून पाठवला: आमचे शब्द त्यांच्याकडे कसे वाचावेत. आमचे ‘असामान्य’ प्राध्यापक तिथे ‘येतात अधूनमधून’ ठरले. बदललेली एकशे बारा आयुष्यं ‘हवा चांगली होती’मध्ये जमा झाली. माझ्या भिंतीवर सलग अकरा वर्षांची ‘अद्वितीय कर्मचारी’ अशी प्रमाणपत्रं आहेत. त्यांचं रूपांतर ‘हजर होता’ असं झालं. तक्ता त्याच दिवशी एकमताने रद्द करण्यात आला.

एक प्रत मात्र माझ्या खणात आहे. फावल्या वेळात मी तिच्यात आपल्या मराठीचीही भर घातली. तेव्हा ही कथा कशी वाटली ते जरूर कळवा, पण शब्द जपून निवडा. परवा भाचीच्या नाचाच्या व्हिडिओखाली तुम्ही ‘अप्रतिम’ लिहिलंत ना? मागच्या रकान्यात त्यासमोर ‘पाहिला नाही’ असं आहे.