मिठाच्या पाण्याचे बेडूक

टाक्या धुताना दोन्हीकडचे बेडूक मी एकाच बादलीत ठेवले, ही माझी चूक. मग अंदाजाने वाटून परत सोडले, ही दुसरी. आणि गप्प बसलो, ही तिसरी. ती मी नऊ वर्षं केली.

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात भामरे सर प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. सर सटाण्याकडचे. माणसांशी शुद्ध मराठी बोलत, बेडकांशी अहिराणी. रोज सकाळी टाकीत वाकून विचारायचे, "कसा शे भाऊ?"

त्यांचा विषय नर बेडूक. "देवरे, डराव गळ्यातून येत नाही," असं म्हणून ते कपाळावर टिचकी मारत. "हुकूम इथून सुटतो. मेंदूखाली इवलीशी ग्रंथी असते. तिने हुकूम सोडला की वृषणं जागी होतात, अंगठा फुगतो आणि गडी मादीला हाका मारतो. हुकूम नाही, तर गडी नुसता बसून." लग्नात नवरदेवाचं अभिनंदन करताना सर त्याचा अंगठा हळूच दाबून बघत आणि मला मान हलवून कळवत, "ठीक आहे."

सरांचा स्वतःचा हुकूम मात्र सुटत नव्हता. सर आणि सुनंदावहिनींच्या लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नाही. डॉक्टरांनी त्याच हुकमाची इंजेक्शनं चालू केली होती, दर गुरुवारी. सर लपवत नसत. स्टाफरूममध्ये दंड चोळत म्हणत, "मी आणि बेडूक एकाच औषधावर. बघू, आधी कोण ओरडतं."

"तुम्ही ओरडलात तर पेढे हवेत, सर!" गणिताचे मास्तर म्हणायचे.

त्या डिसेंबरात दोन टाक्या होत्या. डावीकडच्या नरांना औषधाची सुई, उजवीकडच्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. ओळखीसाठी पायात दोरा बांधायचा असतो, पण सर म्हणाले, "नको, काचतो त्यांना." मी टाक्या धुतल्या आणि तिसऱ्या दिवशी उजव्या टाकीतून आवाज आला, "डराव!"

सर ओला बेडूक घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. प्राचार्यांनी पाय खुर्चीवर घेतले.

"मिठाच्या पाण्यावर ओरडला! हुकमाशिवाय!"

"सर, कदाचित..." मी म्हणालो.

"कदाचित काय? अंगठा बघ!" बेडूक माझ्या नाकाशी आला. मी अंगठा बघितला.

पुढच्या गुरुवारी सर वेळेआधीच हजर. "दवाखाना?" मी विचारलं.

"बंद. सुनंदाला म्हटलं, बेडकाचं भागतंय तर माझं का नाही भागणार?"

उद्या सांगू, असं ठरवून मी बाटल्या पुसत राहिलो. मग परीक्षा आल्या. मग सुट्टी.

त्यानंतर दर हिवाळ्यात सर एकच टाकी मांडत, मिठाच्या पाण्याची. सुई टोचून समोर स्टूल घेऊन बसत. बेडूक गप्प. "थंडी जास्त आहे यंदा," सर म्हणत. स्टाफरूममध्ये लोक हसायचे, मीसुद्धा थोडं हसायचो.

नवव्या हिवाळ्यात सुनंदावहिनी डबा घेऊन आल्या आणि दुसऱ्या स्टुलावर बसल्या. केस बरेच पांढरे झाले होते. दोघं बराच वेळ टाकीकडे बघत होते. सरांनी त्यांच्या गुडघ्यावर स्वतःचा रुमाल पसरला, पाणी उडू नये म्हणून.

"हे म्हणतात, एकदा ओरडला होता," वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही ऐकलंत ना, भाऊ?"

"ऐकलं, वहिनी. पण तो औषधाचा होता. टाक्या धुताना बेडूक मी मिसळले. सर, मला तेव्हाच माहीत होतं. दोघंही मला माफ करा."