चित्राची डावी कड

नवा टीव्ही भिंतीवर चढला, जुना ढेरपोट्या टीव्ही भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसून गेला आणि त्याच दुपारी ग्रंथपालांना आपल्या व्हिडिओ कॅसेटची गरज पडली. ज्या वाचनालयात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, त्याच्या हीरकमहोत्सवात ‘चार शब्द बोला’ असं निमंत्रण आलं होतं. हो की नाही, ते सेक्रेटरींना संध्याकाळी सहापर्यंत सांगायचं होतं.

ग्रंथपालांना चार शब्दांचीही धास्ती. दूधवाल्याला ‘उद्या नको’ म्हणायचं असलं तरी ते वाक्य मनात दोनदा जुळवून घेत. पण आयुष्यात एकदा, वीस वर्षांपूर्वीच्या निरोप समारंभात, ते नऊ मिनिटं बोलले होते आणि त्या नऊ मिनिटांत तीनदा टाळ्या पडल्या होत्या. भाषण संपल्यावरच्या नव्हेत. त्या तर कुणालाही मिळतात. मधल्या! तेव्हापासून धीर खचला, की ते कॅसेट लावत आणि लोक काढा घेतात तशा त्या टाळ्या घेत.

“बाबा, या टीव्हीला तुमच्या व्हीसीआरची ती तीन भोकं नाहीत,” मुलगा टीव्हीमागे डोकावून म्हणाला. “पिवळी, लाल, पांढरी वायर आता कोण लावतंय? आता एचडीएमआय. एकच वायर, चित्रही तीच आणते, आवाजही तीच आणते. डिजिटल म्हणजे कसं, येतं तर चोख येतं, नाहीतर येतच नाही.”

“आणि आमचं?”

“तुमचं अ‍ॅनालॉग. मुंग्या, रेघा, खरखर, पण रडतखडत काहीतरी येतंच.”

आपल्या आयुष्याचं इतकं नेमकं वर्णन ग्रंथपालांनी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. मुलाची मीटिंग होती. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

बायको कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. “टाळ्याच ना? मी वाजवते इथे बसून. ऐका आणि नाही म्हणून टाका.”

“अगं, एकदा बघतो. मग ठरवतो.”

ग्रंथपालांनी टीव्हीचं दुकान गाठलं. दुकानदाराने काडेपेटीएवढी डबी काढून दिली. एका बाजूला तीन रंगीत भोकं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयचं. “लावा, विषय संपला.” ग्रंथपालांनी घरी येऊन लावली. पडदा काळाठिक्कर. वायरी काढून पुसल्या, पुन्हा लावल्या. विषय खरोखरच संपला होता. ते पुन्हा दुकानात.

“आजोबा, ही डिजिटलचं अ‍ॅनालॉग करते. तुम्हाला उलटी हवी. आधी सांगायचं ना!”

“पण दोन्हीकडे भोकं तीच आहेत. हीच उलटी धरली तर?”

“नदी उलटी धरली म्हणून डोंगर चढते का?”

डबीवर खसखशीएवढा बाण होता. पुस्तक द्यायची खिडकी वेगळी आणि परत घ्यायची वेगळी, हे ज्याने बत्तीस वर्षं वाचकांना बजावलं, तो माणूस मान खाली घालून दुसरी डबी घेऊन आला.

ही डबी फुकट राबणारी नव्हती. तिला स्वतःचा प्लग हवा होता. टीव्हीजवळचे सगळे प्लग भरलेले. ग्रंथपालांनी नीट विचार केला आणि त्यातल्या त्यात बिनकामाचा वाटला तो, नुसते हिरवे डोळे मिचकावत बसलेल्या डब्याचा प्लग उपटला.

बंद दारामागून आवाज आला, “हॅलो... सर? सर, ऐकू येतंय?” मग शांतता. मग दार उघडलं.

“बाबा! इंटरनेट काढलंत? साहेबांसमोर बोलत होतो मी! दहा मिनिटं!”

मधे कुणी टाळ्या वाजवल्या का, असं ग्रंथपालांना विचारावंसं वाटलं.

“सरका,” मुलगा म्हणाला. “हे एकदाचं संपवल्याशिवाय या घरात मला कुणी काम करू देणार नाही.” त्याने टीव्हीचा आवाज वाढवला, तशी खोलीभर भुर्रर्र घरघर घुमली. पिवळी वायर पांढऱ्या भोकात होती. त्याने ती बदलली आणि भिंतीवर वीस वर्षांपूर्वीचे ग्रंथपाल उगवले. केस काळे, हातात कागद.

“चित्र मोठं दिसतंय,” ग्रंथपाल हरखून म्हणाले.

“मोठं नाही, अख्खं. जुना टीव्ही कडा खायचा. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं. हा सगळं दाखवतो.”

पडद्यावरचे ग्रंथपाल म्हणत होते, “वाचनालयाचं पुस्तक माणूस परत करायलाच नेतो...” नेमक्या त्याच वेळी चित्राच्या डाव्या कडेला, नव्याने उजेडात आलेल्या दोन बोटांत, एक बाई येऊन उभी राहिली. तोंड लोकांकडे. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि वाजवा, वाजवा, अशी खूण केली. टाळ्या पडल्या. पडद्यावरच्या ग्रंथपालांचा चेहरा फुलला आणि त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला.

सहाव्या मिनिटाला बाई पुन्हा आली. या वेळी आधी तिने कुणाला तरी हाताने ‘बसा, बसा’ केलं आणि मग टाळ्या. आठव्या मिनिटाला तर नुसतेच हात जोडले, मग टाळ्या.

मुलगा खो-खो हसला आणि वडिलांचा चेहरा बघून त्याने कॅसेट थांबवली. मटाराच्या शेंगांचा कट-कट आवाज तेवढा चालू होता.

“ही तू?”

“मग दुसरी कोण येणार होती?”

“का पण?”

“मला वाटलं, टाळ्या पडल्या की माणूस थांबतो. तुम्ही दुसरा कागद काढलात.”

“आणि नंतर?”

“नंतर लोक उठायला लागले होते. आधी बसवलं, मग हात जोडून म्हटलं, उठायचंच आहे तर टाळ्या वाजवून उठा. तेवढंच बरं दिसेल.”

“वीस वर्षं बोलली नाहीस.”

“बरं चाललं होतं की तुमचं. कशाला बोलू?”

मुलगा रिमोटशी चाळा करत होता. “बाबा, सेटिंगमध्ये कडा कापायची सोय आहे. करू? आई जाईल, टाळ्या राहतील.”

ग्रंथपालांनी होकाराची मान डोलावली. मुलाने कॅसेट मागे नेली, बटण दाबलं. बाई गेली, टाळ्या राहिल्या. ग्रंथपालांनी तिन्ही वेळा बघितलं. तिन्ही वेळा त्यांची नजर डाव्या कडेला, जिथे आता काहीच नव्हतं तिथे खिळून राहिली.

सहाला पाच कमी असताना सेक्रेटरींचा फोन आला. “मग सर, काय ठरलं?”

नकाराचं वाक्य दोनदा जुळवून तयार होतं. बायको मटार सोलायचं थांबवून त्यांच्याकडे बघत होती. “येतो,” ग्रंथपाल म्हणाले आणि स्वतःच दचकले. “फक्त एक करा. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला एक खुर्ची ठेवा. आमच्या घरच्यांसाठी.”

त्यांनी फोन ठेवला. बायकोने पुढची शेंग उचलली.

“मी येईन,” ती म्हणाली. “पण आता माझा खांदा वर जात नाही. या वेळी तुमचं तुम्हीच थांबा.”