चार सदऱ्यांचा पैलवान

"आज मला तुराटी म्हणून दाखवाच!" असं आरशाला बजावून सोळा वर्षांचा गहिनीनाथ जत्रेला निघाला. एकाहत्तर सालचा चैत्र, ऊन मी म्हणत होतं. पण गड्याच्या अंगात घरात सापडतील ते तीन सदरे, त्यावर स्वेटर, वरून आणखी एक सदरा! वर्गातली पोरं बरगड्यांवरून 'तुराटी' म्हणून चिडवायची म्हणून बिचाऱ्यानं नदीवर पोहायला जाणंसुद्धा सोडलं होतं. आज मात्र तीच पोरं तोंडाचा आ करून बघत राहिली. गहिनीनाथ हरखला आणि दंड फुगवत थेट कुस्त्यांच्या फडात घुसला. तिथंच घात झाला!

नारळावरच्या कुस्त्या चालल्या होत्या. पीरमहंमद वस्ताद नुसत्या नजरेनं अंग जोखून पोरांची जोड लावायचे.

"ए पैलवान, ये की हिकडं!"

"मी न्हाई, वस्ताद! मी नुसता बघाया आलोय."

"आरं, येवढं अंग कमावलं अन् लाजतोस? छगन, ऊठ. तुजी जोड गावली!"

संगमनेरच्या तालमीतला छगन उठला. त्याला मान म्हणून नव्हतीच!

"काढ कापडं!"

गहिनीनाथनं सदरा घट्ट धरला. हाडं मोडली तरी चालतील, पण दिसायला नकोत! पळायला वळला, तर मागं अख्खा वर्ग. तोवर वस्तादांनी सदरा ओढलाच. आत स्वेटर!

"थंडी वाजतीया व्हय रं?"

स्वेटर गेला. सदरा निघाला. आणखी एक निघाला. हलगीवाला वाजवायचं विसरून पोट धरून हसायला लागला. तेवढ्यात गर्दीतून आरोळी आली, "आरं, त्यो माजा नवा सदरा हाय!"

हे आप्पासाहेब, गहिनीनाथचे वडील! सकाळपासून सदऱ्यासाठी घर उलथंपालथं करून शेवटी लग्नातला कोट गळ्यापर्यंत बंद करून आलेले. ते तरातरा फडात उतरले आणि सदरा उतरवूनच थांबले. बरगड्या उघड्यावर आल्या. गाव खो-खो हसलं.

गहिनीनाथला रडू फुटलं. "आप्पा, लाज वाटती मला या अंगाची!"

आप्पासाहेब वरमले. मग त्यांनी खाडखाड कोटाची बटणं सोडली. आत काहीच नव्हतं! त्याच बरगड्या, तीच तुराटी.

"ह्याच अंगानं सारा मळा नांगरतो मी. कशाची लाज रं?"

गहिनीनाथला रडता रडता हसू आलं. वस्तादांनी बापलेकांकडं आळीपाळीनं बघितलं आणि बक्षिसाचा नारळ उंच धरला.

"छगन, तू बस खाली. आता खरी जोड गावली!"

हलगी कडाडली. आप्पासाहेब पळायला वळले, तर मागं अख्खं गाव!