जामेच्या पुलावर बॉनेट उघडले त्याची हकीकत

श्री. शके १९०७, क्रोधननाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीचे दिवशी पांढुर्णेकर पुंडलिकराव यांची मोटार जाम नदीच्या पुलावर अडली आणि मोठा प्रसंग गुदरला, तो कैसा निवारला हे घडले तैसे लिहितो. पदरचे एक अक्षर घातले नाही.

राव संत्र्याचे बागाईतदार. कन्या रजनीबाई विज्ञानाच्या पदवीधर. त्यांस सौंसरचे शाळेत मास्तरणीचे जागेसाठी अकरा वाजता साहेबांपुढे हजर व्हावे ऐसा खलिता आला. जागा एक, उमेदवार नऊ. बाई बसने निघाल्या, तो रावांनी फर्मान सोडले, "बस कायले पाहिजे? घरची गाडी हाय ना!" आणि बस गेली. मग सगळ्या गल्लीने पाहावे म्हणून मोटार पाऊण तास उन्हात घुरघुरत उभी ठेविली, आणि मग कूच केले, आणि पुलाच्या मध्यावर तिने दोन आचके देऊन मान टाकली. साडेनऊ जाहले होते.

रावांनी बॉनेट उघडिले. इंजिन मोठे ऐसपैस. पाहिजे ते हाताशी, आणि चार असामी एकदम वाकले तरी कोणाचे कोपर कोणास न लागावे. याच गुणावर भाळून रावांनी ती मोटार खरेदी केली आणि मिस्त्रीचे तोंड पाहणार नाही ऐसी प्रतिज्ञा केली होती. परंतु जो गुण तोच घात जाहला. उघडे बॉनेट पाहताच पांढुर्ण्याकडून सायकली दुरुस्त करणारे हिरामण पाना घेऊन धावले, आणि सावरगावाकडून विहिरीचे पंप दुरुस्त करणारे उत्तमराव पेचकस परजीत आले, आणि मागे दोहींकडील रयत. या दोन तीरांत पोळ्याचे दुसरे दिवशी दगड चालतात, बाकी वर्षभर सोयरीक. त्या दिवशी मात्र वैशाखातच पोळा लोटला. हिरामणांनी चारी प्लग काढून काचकागदाने घासिले. उत्तमरावांनी कारबुरेटर खोलून फुंकिला. "सावरगावच्यानं इंजिन पाह्यलं काय कधी?" ऐसा सवाल गेला, आणि "तुमच्याकडं तं बैलालेही प्लग लावते!" ऐसा जबाब आला. राव दोहींकडे हो हो म्हणत होते. पोरीच्या तोंडाकडे त्यांस पाहवेना. बस आपणच घालविली, हे काळजात सलत होते.

मग रजनीबाई उतरल्या, पेट्रोलच्या नळीस बोट लावून चटकन मागे घेतले आणि बोलल्या, "बाबा, नळीतच पेट्रोलची वाफ होऊन राहिली. पंपाले वाफ ओढता येत नाही. ओलं फडकं गुंडाळा, अन् दहा मिनिटं कोणी हात लावू नका."

दोन्ही फौजा खो खो हसल्या. हात न लावणे ही दुरुस्ती कोणी ऐकिली होती? रावांनाही ते रुचेना. परंतु लेकीचे डोळे भरलेले दिसले, आणि राव गरजले, "हटा सारे! जे खोललं ते लावा, अन् पोरगी सांगते तसं करा!"

प्लग आणि कारबुरेटर जागी बसले. रावांनी खांद्यावरचा नवा दुपट्टा गाडीस टांगलेल्या कापडी छागलीच्या पाण्यात भिजवून पंपास आणि नळीस गुंडाळिला. दहा मिनिटे दोन्ही फौजा हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मग किल्ली फिरविली आणि मोटार गर्जली. हिरामणांनी फत्ते पांढुर्ण्याची आणि उत्तमरावांनी सावरगावची म्हणून तिथेच जाहीर केली.

अकरास पाच कमी असता सौंसर गाठले. साहेबांनी पुसिले की बोट काळे कशाने? बाईंनी द्रवाची वाफ कैसी होते ते मोटारीसकट समजाविले. सोमवारपासून कामावर यावे, ऐसा हुकूम जाहला.

परतताना मोहगावापाशी मोटार पुन्हा बंद पडली. राव उतरले, बॉनेट उघडिले, आपला पाना गाडीतच राहू दिला, आणि दोन पावले मागे सरून उभ्या रस्त्यात अर्ज केला, "मास्तरीणबाई, आता काय हुकूम?"

ही खरी फत्ते; दप्तरी दाखल केली असे.