नंबर लागला

आमच्या हॉस्पिटलात डब्या आल्या आणि मी छातीठोकपणे जाहीर केलं, "ओपीडीतला गोंधळ संपला!" इतकी वर्षं खिडकीवर बसून पेशंटची नावं ओरडताना माझा घसा पार फाटला होता. आता प्रत्येकाच्या हातात एक बिनतारी डबी द्यायची. आतून डॉक्टरांनी बटण दाबलं की ती थरथरते, लाल दिवा लागतो. किती शांत, किती सभ्य!

पहिल्याच दिवशी नागभीडकडचे गुणवंतराव आले, सोबत बायको सुगंधाबाई. गुणवंतरावांच्या छातीत दुखत होतं. हृदयाचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच येतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. ते चुकले की बसा महिनाभर छाती धरून.

मी डबी दिली. "ही थरथरली की समजायचं, तुमचा नंबर लागला. मग कोणासाठी थांबायचं नाही!"

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. "सगळ्याइचाच लागते का, बाई?"

"सगळ्यांचा! कोणाचा आधी, कोणाचा मागून!" मी हसून म्हणाले. काय मेलं ते माझं हसणं!

ते बाकावर बसून बघत राहिले. डबी थरथरायची, माणूस उठून आत जायचा आणि परत काही यायचा नाही! बाहेर पडायचं दार मागच्या बाजूला आहे, हे मी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी बटण दाबलं. कोणी येईना. पुन्हा दाबलं. "अहो, मला गाडी गाठायचीय!"

मी धावले. बाक रिकामा! गुणवंतरावांच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली डबी बाकाखाली एकटीच थरथरत होती. छातीचं दुखणं, कुठे कोसळला असेल माणूस?

आवारातल्या कडुनिंबाखाली दोघं सापडले. गुणवंतराव सुगंधाबाईंचा हात धरून रडत होते, त्याही रडत होत्या.

"सुगंधा, जाताना खोटं नाई बोलत. तुया हातची अंबाडीची भाजी मले कधीच नाई आवडली. लगन झाल्यापासून गुमान खाल्ली. आवडे ते वहिनीच्या हातची."

सुगंधाबाईंचं रडणं थांबलं. "मंग अजून वाढ, अजून वाढ, काऊन म्हणत होते?"

"तू रुसून उपाशी राह्यली असती ना!"

माझे डोळे भरून आले. पण रडायला वेळ कुठे होता! "अहो, नंबर म्हणजे डॉक्टरांकडे जायचा नंबर! वरचा नाही!" असं ओरडत मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. डॉक्टर बॅग उचलून दारातच उभे होते. नशीब माझं, थांबले. ईसीजीची पट्टी काढली, तपासलं.

"हृदय ठणठणीत आहे. नुसतं पित्त आहे. घरी जा आणि बाईंच्या हातचं साधं जेवा."

माझा जीव भांड्यात पडला. सुगंधाबाईंनी पदर खोचला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "चाला घरी."

मी खिडकीवर परत येऊन बसले. गुणवंतराव हळूच माझ्या खिडकीशी आले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, एकडाव परत तपासाले सांगा ना डॉक्टरले. काहीतरी तं निघंन!"